मखाचेव विरुद्ध टोपुरिया: निकाल जाळीपाशी लागेल की मोकळ्यात?

एकेरीपट

यूएफसीत, म्हणजे जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यातल्या ठोसे-लाथा-कुस्तीच्या मिश्र लढतींत, इस्लाम मखाचेव १७० पौंड वजनगटाचा विजेतेपदाचा पट्टा घेऊन बसलाय, इलिया टोपुरियाने १५५ च्या गटात ओलिवेराला झोपवलंय. हे दोघे समोरासमोर आले तर काय, यावर बोलू. एकच विनंती, 'अमक्याने तमक्याला हरवलं म्हणून तो भारी' हा हिशेब नको. परेराने जुलै २०२२ मध्ये स्ट्रिकलंडला पहिल्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. अडेसान्याने एप्रिल २०२३ मध्ये परेराला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच अडेसान्याकडून स्ट्रिकलंडने पाच राउंडमध्ये पट्टा काढून घेतला. गोल फिरून आपण जिथे होतो तिथेच. कोण कोणाला हरवतो हे अंगातल्या ताकदीपेक्षा कोणाचं हत्यार कोणाच्या उघड्या जागेवर बसतं यावर ठरतं.

माझं म्हणणं: या लढतीत मोजायची गोष्ट एकच, टोपुरियाची पाठ जाळीपासून किती लांब राहते. मखाचेव मोकळ्या जागेत धावत दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडणं) काढणारा मल्ल नाही. त्याचं काम साखळीने चालतं. आधी पुढचा पाय धरून एकेरी पट. पाय सुटतोय असं वाटलं की कमरेभोवती दोन्ही हात बांधून बॉडी लॉक. समोरचा पाय फाकवून उभा राहिला की आतून किंवा बाहेरून टांग. यातला एकही डाव एकटा जिंकत नाही. पहिला अडवायला समोरच्याने वजन जिकडे टाकलं, त्याच्या उलट बाजूला दुसरा लागतो. मोकळ्या जागेत ही साखळी तुटते, कारण बचाव करणाऱ्याला मागे सरकायला, कंबर मागे फेकायला जागा असते. पाठीला जाळी लागली की कंबर मागे जातच नाही.

डावखुरा

जाळीचा मुद्दा बरोबर आहे, पण तिथवर नेणारं हत्यार तुमच्या मांडणीत आलंच नाही. मखाचेव साउथपॉ आहे, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून लढतो; टोपुरिया ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, म्हणजे उघडा स्टान्स (उभं राहण्याची ठेवण). यात डावखुऱ्याची डावी लाथ थेट समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली जाते आणि यकृत तिथेच असतं. ऑर्थोडॉक्स विरुद्ध ऑर्थोडॉक्स लढतीत ही लाथ पुढच्या पायाने मारावी लागते, त्यामुळे जोर कमी. इथे ती मागच्या पायाने, पूर्ण कंबर वळवून येते.

आता दुसरी पायरी. ती लाथ दोनदा पोटावर आली की समोरच्याचं उजवं कोपर आपोआप खाली येऊ लागतं. मग तीच लाथ त्याच कंबरेच्या वळणाने डोक्यावर येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मखाचेवने व्होल्कानोव्स्कीला पहिल्या राउंडमध्ये ३ मिनिटं ६ सेकंदांवर डाव्या लाथेनेच संपवलं. टोपुरियाच्या बाबतीत हे जास्त काळजीचं, कारण मार्च २०२२ मध्ये जे हर्बर्टने त्याला डोक्यावरच्या लाथेने खाली पाडलं होतं. तो उठला आणि दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउटने जिंकला हे खरं, पण उंच माणसाची लाथ त्याला दिसायला उशीर होतो ही नोंद राहतेच. मखाचेव ५ फूट १० इंच, टोपुरिया ५ फूट ७ इंच.

पाचवाराउंड

उघडा स्टान्स दोघांसाठी उघडा असतो, हे विसरू नका. साउथपॉची उजवी बाजू पुढे असते, म्हणजे त्याचं यकृतही पुढे येतं. टोपुरियाचा पोटावरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) या वजनात सगळ्यात घातक आहे आणि साउथपॉसमोर त्याला वितभर कमी अंतर कापावं लागतं. मखाचेवने लाथेसाठी डावी कंबर वळवली की त्या क्षणी तो एका पायावर असतो आणि उजवं कोपर बरगडीपासून सुटलेलं असतं. लाथ अडवून त्याच दमात डावा हुक पोटात. हे जमलं तर तिसऱ्या लाथेला मखाचेव दोनदा विचार करेल.

शिवाय मखाचेवचा एकमेव पराभव कसा झाला ते बघा. ऑक्टोबर २०१५, अद्रियानो मार्टिन्स, पहिला राउंड, पुढे झेपावताना समोरून आलेला काउंटर, म्हणजे उलटा ठोसा. तेव्हापासून तो जास्त शिस्तीत लढतो, पण अंतर कापताना हनुवटी सरळ रेषेत येण्याची सवय पूर्ण गेलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पर्थला व्होल्कानोव्स्कीने पाचव्या राउंडमध्ये त्याला हातानेच खाली बसवलं होतं, तेही चार राउंडचं कुस्तीचं ओझं वाहिल्यावर.

एकेरीपट

डावखुरा, लाथ ही जाळीपर्यंत ढकलायची काठी आहे हे मान्य. मूळ मांडणीत ते यायला हवं होतं. ती लाथ टाळायला ऑर्थोडॉक्स माणूस स्वतःच्या डावीकडे सरकतो, आणि ते बरोबरही आहे. पण अष्टकोनात सतत एकाच दिशेला सरकलं की थोड्याच वेळात खांब येतो.

इथे पिंजऱ्याचा आकारही मोजा. मोठा पिंजरा ३० फुटांचा, छोटा २५ फुटांचा. ऐकायला ५ फुटांचा फरक, पण क्षेत्रफळात छोटा जवळजवळ ३० टक्के लहान पडतो. टोपुरियाचा माणूस असतो तर मी करारात मोठा पिंजराच मागितला असता.

निरीक्षक

धाग्यात अजून कोणी उठण्याबद्दल बोललेलं नाही. टेकडाउन (जमिनीवर पाडणं) होणार का, यापेक्षा झाल्यावर पुढच्या १५ सेकंदांत काय होतं ते जास्त महत्त्वाचं. मखाचेव पाच राउंडमध्ये दोन-चारदा तरी पाडणारच, कोणालाही पाडतो. व्होल्कानोव्स्की पर्थच्या पहिल्या लढतीत टिकला तो पडला नाही म्हणून नव्हे, पडून उठत राहिला म्हणून.

जाळीला पाठ लावून बसलेल्या माणसाचं उठणं असं चालतं:

पाठ जाळीवर घासत वर सरकायचं, पण त्याआधी एक गुडघा आपल्या छातीखाली आत आणायचा. दोन्ही पाय सरळ पसरलेले असतील तर वरचा माणूस त्याच्या दोन्ही पायांनी ते बांधून टाकतो. खबीब (मखाचेवचा गुरुबंधू, दोघेही रशियातल्या दागेस्तानचे) हेच करायचा. पाय एकदा बांधले गेले की हातांनी कितीही ढकला, कंबर उचलली जात नाही.

मग एक हात जमिनीवर टेकवायचा. धोका इथे आहे. हात शरीरापासून लांब टेकवला की दागेस्तानी मल्ल ते मनगट पकडून पाठीमागे ओढतात. हात पाठीमागे अडकला की चेहऱ्यावर एकच हात उरतो आणि वरचा माणूस मोकळ्या हाताने ठोसे मारत राहतो. मॅकग्रेगरविरुद्ध आणि इतर बहुतेक लढतींत खबीबचं काम असंच चाललं. म्हणून हात मांडीला चिकटूनच टेकवायचा, कोपर वाकलेलं, आणि दुसरा हात त्या मनगटाच्या रखवालीला.

उभं राहताना पाठ द्यायची नाही. उठण्याची घाई झाली की माणूस वळतो आणि मखाचेव पाठीवर चढून पोटाभोवती पायांची गाठ मारतो. पर्थला चौथ्या राउंडमध्ये व्होल्कानोव्स्कीचा बराच वेळ तसाच गेला. हात लढवत त्याने गळा वाचवला, पण पाठीवरचं ओझं काही उतरलं नाही.

डावखुरा

निरीक्षक, यात एक भर घालतो, कारण नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो. हाफ गार्डमधून, म्हणजे खाली असताना त्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवलेल्या स्थितीतून, उठायला सगळे सांगतात की अंडरहुक घ्या, म्हणजे काखेखालून हात घालून त्याच्या पाठीला धरा आणि गुडघ्यावर या. मखाचेवसमोर हाच हात डार्स चोकचं (मान आवळायच्या डावाचं) आमंत्रण आहे. अंडरहुकसाठी हात लांब गेला की काख उघडी पडते. त्याचा हात त्या काखेखालून शिरतो, मानेमागून बाहेर येतो आणि दुसऱ्या हाताच्या दंडात अडकतो. पोइरियेला जून २०२४ मध्ये पाचव्या राउंडमध्ये याच चोकने टॅप करावं (हाताने थोपटून हार मानावी) लागलं, मोइकानोला जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याच राउंडमध्ये.

अंडरहुक घ्यायचाच असेल तर आखूड घ्यायचा. हात त्याच्या खांद्यापर्यंत जाऊ न देता कोपर स्वतःच्या बरगडीला, तळवा त्याच्या बरगडीवर. आणि डोकं वर, त्याच्या हनुवटीखाली. डोकं जमिनीकडे झुकलं की मानेभोवती जागा तयार होते आणि चोक बसतो. डोकं वर असेल तर तोच हात रिकामा फिरतो.

पाचवाराउंड

पोइरियेचं नाव निघालंच आहे तर, त्याने चार राउंड बरेच टेकडाउन अडवले की. टोपुरिया त्याच्यापेक्षा ठेंगणा, कंबर खाली, लहानपणापासून ग्रीको-रोमन कुस्ती. त्याला पाडणं जास्त अवघड नाही का?

निरीक्षक

पोइरिये साउथपॉ आहे. साउथपॉ विरुद्ध साउथपॉ म्हणजे बंद स्टान्स, पुढचे पाय एकाच बाजूला. मखाचेवला समोरच्याचा पुढचा पाय धरायला तिरकं आत शिरावं लागतं. टोपुरियासमोर पुढचा पाय थेट त्याच्या पुढच्या पायासमोर असेल, हातभर अंतरावर. एकेरी पट काढायला उघडा स्टान्स सोयीचा. त्यामुळे पोइरियेच्या बचावाचे आकडे जसेच्या तसे टोपुरियाला लावता येत नाहीत.

ग्रीको-रोमनचा फायदा मात्र आहे आणि तो नेमका कुठे आहे ते सांगतो. त्या शैलीत कमरेखाली धरायला बंदी असते. म्हणून तो मुलगा बॉडी लॉक, अंडरहुक, छातीला छाती लावून तोल राखणं यात मुरलेला असतो. साखळीची दुसरी कडी, बॉडी लॉक, टोपुरिया चांगली अडवेल. पहिली कडी, एकेरी पट, आणि तिसरी, टांग, या दोन्ही पायांवरच्या. ग्रीको-रोमन तिथे मदतीला येत नाही.

एकेरीपट

नेमकं. आणि जाळीपाशी पाय धरला गेला असताना बचावाचा क्रम ठरलेला असावा. बहुतेक जण घाईत चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात, आधी पाय ओढून सोडवायला जातात. पाय शेवटी सुटतो. आधी डोकं. मल्लाचं डोकं तुमच्या छातीच्या आतल्या बाजूला रुतलेलं असतं आणि त्याच जोरावर तो जाळीला चिकटवतो. जबड्यावर पुढचा हात आडवा लावून डोकं बाहेर ढकलायचं. मग हातांची गाठ. त्याच्या एका मनगटावर आपले दोन्ही हात, आणि त्याच्या अंगठ्याच्या दिशेने तोडायचं, कारण पकड तिथेच कच्ची असते. मग कंबर वळवायची आणि शेवटी पाय जमिनीवर.

याच जागी नोव्हेंबर २०२४ पासूनचा नियमबदल टोपुरियाच्या कामाचा आहे. सरळ वरून खाली मारलेलं कोपर आधी फाउल होतं. त्याच नियमाने डिसेंबर २००९ मध्ये जोन्सची मॅट हॅमिलविरुद्धची लढत गेली आणि त्याच्या नावावरचा एकमेव पराभव तोच. आता ते कोपर चालतं. पाय धरून डोकं खाली घातलेल्या माणसावर डोक्याच्या बाजूला कोपरं बरसली तर तो पकड सैल करतो किंवा डोकं वर काढतो, दोन्ही हवंच आहे. मागचं डोकं आणि मणका मात्र आजही निषिद्ध, त्यामुळे कोन जपावा लागतो. जाळीत बोटं अडकवणंही निषिद्ध. हातांची बोटं रेफरीला दिसतात, पायांची सहसा दिसत नाहीत, पण नियम दोन्हींना तोच.

गुणपत्रिका

मारामारीवर सगळे बोलताय, गुणांवर कोणीच नाही. यांच्यातली लढत पाच राउंड गेली तर काय?

एकसमान नियमांमध्ये पहिला निकष परिणामकारक ठोसे-लाथा आणि परिणामकारक ग्रॅपलिंग (धरपकड, कुस्ती). या दोन्हींत राउंड अगदी समान असेल तरच आक्रमकता, आणि तीही समान असेल तरच पिंजऱ्यावरचा ताबा. खूप प्रेक्षक, आणि कित्येक समालोचक, ताबा पहिल्यांदा मोजतात. नुसतं जाळीला चिकटवून तीन मिनिटं उभं राहणं हे ग्रॅपलिंग म्हणून फारसं मोजलं जाऊ नये. टेकडाउननंतर ठोसे, चोकचा खरा प्रयत्न, पाठ घेणं, हे मोजलं जातं.

म्हणजे टोपुरियाने एका राउंडमध्ये चार मिनिटं बचाव केला आणि उरलेल्या मिनिटात डोकं हलवणारे दोन ठोसे लावले तर तो राउंड त्याला मिळू शकतो. मखाचेवला राउंड हवा असेल तर पाडून काहीतरी केलंच पाहिजे. चिमायेवने ऑगस्ट २०२५ मध्ये दु प्लेसीला २५ पैकी २१ मिनिटांहून जास्त वेळ दाबून ठेवलं. त्यात त्याने पहिल्याच राउंडमध्ये दोन्ही हात बांधून छोटे छोटे ठोसे मोजता येणार नाहीत इतके मारले. ते ठोसे हलके होते, पण त्यामुळे गुणपत्रिकेवर वादाला जागाच उरली नाही.

पाचवाराउंड

गुणपत्रिका, हे पटलं, पण टोपुरिया गुणांसाठी लढतच नाही, आणि तिथेच मला त्याची चिंता वाटते. यूएफसीत तो पूर्ण पाच राउंड एकदाच गेलाय, जून २०२३ मध्ये जॉश एमेटविरुद्ध. ती लढत तो उभ्यानेच जिंकला. व्होल्कानोव्स्की दुसऱ्या राउंडमध्ये, हॉलोवे तिसऱ्या, ओलिवेरा पहिल्या. म्हणजे सतत धरून ठेवणाऱ्या माणसाबरोबर चौथा-पाचवा राउंड त्याने पाहिलेलाच नाही.

धरून ठेवलेलं असताना दम कसा जातो हे ठोशांच्या लढतीपेक्षा वेगळं. ठोसा मारताना स्नायू क्षणभर आवळतो आणि सुटतो. बॉडी लॉक तोडताना दंड, मांड्या, पाठ सलग ३०-४० सेकंद आवळलेली राहतात, रक्त नीट फिरत नाही आणि हात जड होतात. नंतर उभं राहिल्यावर ठोसा येतो, पण वेग नसतो. टोपुरियाचा उजवा हात वेगावर चालतो. पहिल्या दोन राउंडमध्ये त्याला चार-पाच मिनिटं जाळीपाशी ओझं वाहावं लागलं तर तिसऱ्या राउंडमधला हुक ओलिवेराला लागला तो हुक नसेल.

डावखुरा

याचं उलट उदाहरणही आहे. नुसता ओझं टाकणारा माणूसही थकतो. मेराब द्वालिश्विलीने मार्च २०२३ मध्ये प्योत्र यानवर ४९ वेळा टेकडाउनचा प्रयत्न केला, ११ यशस्वी झाले, आणि यान नुसत्या धावपळीत बुडाला. डिसेंबर २०२५ च्या परतीच्या लढतीत यानने तेच कोडं सोडवलं. मेराब आत शिरताना पोटावर ठोसे, पाडायला आला की कंबर मागे टाकून लगेच कोन बदलून बाहेर, आणि मध्येच स्वतःच टेकडाउन. शेवटी निकाल एकमताने यानकडे. पोटावरचा मार आणि अडवलेला प्रत्येक पट, दोन्हीची किंमत मल्लाला द्यावी लागते.

मखाचेव मेराबइतका अविरत झेपावत नाही, निवडून पट काढतो, त्यामुळे तो इतका थकणार नाही. पण टोपुरियाने पहिल्या राउंडपासून पोटावर गुंतवणूक केली तर चौथ्या राउंडमध्ये त्याचं व्याज मिळेल. टोपुरियाच्या लढतींत मला खटकतं ते हेच. त्याला लवकर संपवायची इतकी सवय आहे की डोक्याकडे फार लवकर वळतो.

एकेरीपट

पण मग गिलोटिनचं, म्हणजे समोरून काखेत मान आवळायच्या चोकचं, काय? टोपुरिया जिउ-जित्सूचा ब्लॅक बेल्ट आहे. मखाचेव डोकं खाली घालून आत आला की गळा समोरच असतो.

निरीक्षक

तीच सगळ्यात महागडी चूक ठरेल. सप्टेंबर २०१९ मध्ये पोइरियेने खबीबला तिसऱ्या राउंडमध्ये गिलोटिन लावली, ती निसटली, आणि त्याच राउंडमध्ये मागून चोक बसून लढत संपली. जानेवारी २०२२ मध्ये सिरिल गान एन्गानूच्या वर बसला होता, पाचवा राउंड, पट्टा हाताशी. त्याने पायाच्या लॉकसाठी वरची जागा सोडली. लॉक बसला नाही, उरलेला राउंड तो खाली राहिला आणि लढत गेली.

गिलोटिन धरून पाठीवर पडणं म्हणजे टेकडाउन फुकट देणं. ती उभ्यानेच, पाठ जाळीला असताना, फक्त डोकं खाली दाबून मनगट सोडवून घेण्यापुरती वापरावी. मखाचेव गळ्याकडे लक्ष देण्यासाठी पकड सैल करतो, तेवढ्यात पाय काढून बाहेर. ती पूर्ण करायला जायचं एकाच वेळी, राउंडचे शेवटचे १० सेकंद उरले असताना. तेव्हा ती फसली तरी गमावण्यासारखं काही नसतं.

पाचवाराउंड

वजनाचा प्रश्न राहिलाच. ही लढत १५५ मध्ये (७०.३ किलो) की १७० मध्ये (७७.१ किलो)? माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो.

मखाचेव १५५ ला उतरायचा तेव्हा शेवटच्या दिवसांत अंगातलं खूप पाणी काढावं लागायचं. वजन आदल्या दिवशी सकाळी होतं, लढत दुसऱ्या रात्री, म्हणजे भरपाईला दिवस-दीड दिवस. पोटात गेलेलं पाणी तेवढ्या वेळात रक्तात येतं, पण स्नायूंमधली साखर आणि क्षार पूर्ण भरून येत नाहीत. त्याचा परिणाम पहिल्या राउंडमध्ये दिसत नाही, चौथ्यात दिसतो. आता तो १७० ला स्थिरावलाय, नोव्हेंबर २०२५ मध्ये डेला मडालेनाला तिन्ही पंचांनी ५०-४५ ने त्याच्या बाजूने दिलं. त्याला परत १५५ ला ओढलं तर टोपुरियाची शक्यता वाढते. टोपुरिया १४५ वरून (६५.८ किलो) वर आलेला, त्याला १७० ला नेलं तर त्याच्या डोक्यावरून दोन वजनगट गेले. जाळीपाशी छातीवर टेकलेलं ओझं ४-५ किलोंनी वाढलं की आपण वर लिहिलेला उठण्याचा क्रम कागदावर राहतो.

गुणपत्रिका

१७० ला झाली तर माझं मत स्पष्ट मखाचेव, चौथ्या राउंडपर्यंत सबमिशन (चोक किंवा लॉकने हार मानायला लावणं). १५५ ला मी टोपुरियाला बरोबरीने धरतो.

डावखुरा

मी दोन्ही वजनांत मखाचेव धरतो, पण कारण कुस्ती नाही. कारण एडवर्ड्सची ती लाथ. ऑगस्ट २०२२, चार राउंडनंतर उस्मान गुणांवर तीन-एक पुढे, पाचव्या राउंडमध्ये ५६ सेकंद उरलेले. एडवर्ड्स साउथपॉ. त्याने डाव्या ठोशाची हूल दिली. उस्मानने तो थोपवायला उजवा हात पुढे नेला आणि डोकं स्वतःच्या उजवीकडे झुकवलं. एडवर्ड्सची डावी लाथ त्याच बाजूने येत होती. उस्मानचा बचाव चुकीचा नव्हता. ठोशासाठी तो बरोबरच होता. उघड्या स्टान्समध्ये डावा ठोसा आणि डावी लाथ एकाच खांद्याच्या हालचालीने सुरू होतात, आणि एकासाठीचा बरोबर बचाव दुसऱ्यासाठी चुकीचा असतो.

टोपुरियाला ठोशाखालून डोकं काढून उलट मारायची सवय आहे, तीच त्याची ताकद. मखाचेवसमोर डोकं कुठल्या बाजूला काढतो त्यावर सगळं आहे. स्वतःच्या डावीकडे काढलं तर डावा हुक भरलेला आणि लाथेपासून लांब. उजवीकडे काढलं तर उस्मान.

एकेरीपट

मग मी मूळ मांडणी दुरुस्त करतो. पाठ आणि जाळीतलं अंतर हे दुसरं मोजमाप. पहिलं, टोपुरियाचा पुढचा डावा पाय मखाचेवच्या उजव्या पायाच्या बाहेर आहे की आत. बाहेर असेल तर त्याच्या उजव्या हाताची रेष मोकळी, डाव्या लाथेला कोन नाही, आणि एकेरी पटासाठी मखाचेवला वळावं लागतं. एका पावलात तिन्ही गोष्टी.

निरीक्षक

बाहेर राहणं दर वेळी जमणार नाही, मखाचेवही त्याच पावलासाठी भांडेल. त्याचा पुढचा उजवा हात टोपुरियाच्या डाव्या हातावर सतत टेकलेला दिसेल, आणि ते उगाच नसतं. त्या हाताने तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) दाबतो आणि त्याच वेळी समोरच्याला आतल्या बाजूला वळवतो. टोपुरियाने त्या हातावर हात ठेवून वाट बघत बसू नये. हात खाली दाबून लगेच डावा हुक त्याच्यावरून, किंवा हात सोडून पोटावर. हाताशी हात लावून तीन सेकंद उभा राहिला की पुढची चाल मखाचेवची.

पाचवाराउंड

आणि पहिल्यांदा जाळीला पाठ लागेल तेव्हा तो कुठल्या बाजूने बाहेर पडतो ते बघा. व्होल्कानोव्स्कीला टोपुरियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या राउंडमध्ये जाळीपाशीच नेऊन उजव्या हाताने पाडलं होतं. बाहेर पडणारा माणूस कुठे जातो हे त्याला चांगलं कळतं, कारण त्याने ती वाट दुसऱ्यांसाठी बंद केलेली आहे. स्वतःची पाठ जाळीला असताना यूएफसीत त्याला फार वेळ राहावंच लागलेलं नाही.

डावखुरा

डावीकडून बाहेर पडला आणि निघताना डावा हुक मागे ठेवून गेला, तर मी माझं मत पहिल्याच राउंडमध्ये बदलेन.